दुप्पट सांगितलेलं पथ्य

काजल वजनकाट्यावर उभी होती. मी चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला. सदतीस किलो दोनशे. पंधरा दिवसांपूर्वी अडतीस होतं, त्याच्या आधी एकोणचाळीस. सोळा वर्षांची पोरगी, माझ्याहून चार बोटं उंच.

"चप्पल काढलीस ना?" मी विचारलं. चप्पल तिनं दारातच काढली होती आणि ते मला दिसतही होतं. पण काहीतरी बोलायला हवं होतं.

मी आरोग्यसेविका. गावाच्या भाषेत सिस्टर. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या बाजूच्या एका उपकेंद्रात मी एकोणीस वर्षं आहे आणि पुढच्या वर्षी रिटायर होईन. लसीकरण, बाळंतपणं, टीबीच्या गोळ्या आणि या सगळ्याची रजिस्टरं, हे आमचं काम. कॅन्सर आमच्या रजिस्टरात येतो तो 'रेफर' या एका शब्दापुरता. पुढचं मोठ्या दवाखान्यात होतं. पण उपचार संपले की पेशंट घरी येतो, आणि घर आमच्याच हद्दीत असतं.

काजलला लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला होता. गळ्यात, काखेत, जांघेत छोट्या छोट्या गाठी असतात त्या लसिकाग्रंथी. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, ती गाठ यांच्यातलीच. काजलच्या गळ्याला गाठ आली तेव्हा सगळ्यांना टीबी वाटला. मलाही वाटला. तपासणीत भलतंच निघालं. मग मामानं तिला आणि तिच्या आईला संभाजीनगरला नेलं. जूनपासून दिवाळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी किमो. किमो म्हणजे सलाईनमधून द्यायचं जहाल औषध. ते रोगाच्या पेशी मारतं आणि जाता जाता चांगल्याही मारतं. केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. पांढऱ्या पेशी म्हणजे अंगाची राखण. राखणच कमी झाली की साधा ताप जिवावर बेततो, म्हणून तेवढ्या काळात पथ्यं कडक असतात.

दिवाळीत शेवटचा डोस झाला. स्कॅन क्लिअर आला. पोरगी बरी झाली म्हणून वस्तीवर पेढे वाटले गेले, दोन मीही खाल्ले. आणि आता मार्च उजाडला तरी ती भरत नव्हती. उलट उतरत चालली होती.

आमच्या पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे आहेत. माणूस चांगला, फक्त बोलताना मोबाईलकडे बघतो. त्यांनी सीबीसी करून घेतली. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजदाद. सगळे आकडे नॉर्मल आले.

"रिपोर्ट चांगले आहेत सिस्टर. मग वजन का जातंय?"

"तेच विचारायला तुमच्याकडं आले."

त्यांनी मोबाईल खाली ठेवला तेव्हाच मी समजले. या आजारात नुसतं वजन उतरणं हेही आजार परत आल्याचं लक्षण असू शकतं, असं ते म्हणाले. एक आठवडा बघू. तोवर घरी जाऊन पोरीच्या ताटात काय पडतंय ते पाहून या. आणखी उतरलं तर संभाजीनगरला पाठवायचं, पुन्हा स्कॅन, पुन्हा गाठ तपासणं, आणि निघालंच काही तर सगळं पहिल्यापासून. घरच्यांना आत्ताच काही बोलू नका, एवढं बजावून त्यांनी मला पाठवलं.

मी काही बोलले नाही. पण काजलच्या आईला, मंगलला, सांगायची गरज नव्हती. ती रोज सकाळी पोरीचा दंड मुठीत धरून बघायची, बाजारात कोंबडी उचलून अंदाज घेतात तसा.

घर मेंढपाळांचं. दिवाळी झाली की हे लोक मेंढरं घेऊन गोदाकाठच्या रानांत जातात. शेतकरी मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला लेंडीखत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो. चार दिवस इथं, सहा दिवस तिथं, तळ हलत राहतो. पूर्वी मंगलही तळावर असायची आणि काजलची प्रत्येक सुट्टी तिथंच जायची. आता मायलेकी वस्तीवरच्या दोन खोल्यांत, आणि बाप, म्हणजे बापूराव, भावाबरोबर मेंढरांमागं. आठ-पंधरा दिवसांनी तो घरी चक्कर मारतो, असं मंगल सांगायची. माझ्या भेटीच्या दिवशी तो कधी सापडला नाही. मीही कधी नीट चौकशी केली नाही.

त्या दिवशी मी सकाळीच स्कूटी काढली. आमच्याकडं आहाराचा एक फॉर्म असतो. कालच्या चोवीस तासांत काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं, असे तीन रकाने. मंगल सांगत गेली, मी लिहीत गेले. सकाळी अंडं, दुपारी भाकरी आणि घट्ट वरण, संध्याकाळी भाकरी-आमटी, वर शेंगदाण्याचा लाडू. कागदावर बघितलं तर पोरगी पैलवान व्हायला हवी होती.

"एवढं सगळं खाते?"

"एवढं वाढते मी," मंगल म्हणाली. "ताट जातं तसं माघारी येतं, बाई. अर्धी भाकर गेली तर लई."

काजल भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर दोन बोटं नवे केस, कुरळे. किमोनंतर बऱ्याच जणांना असे येतात. हातात मोबाईल. चुलत्यानं तळाचा व्हिडिओ पाठवला होता, तो तिनं लावला होता. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत नुसता आवाज ऐकत होती, मेंढरांचा, कुत्र्याचा, कुणाच्या तरी शीळ घालण्याचा. संपला की पुन्हा लावत होती.

"तळावर जावंसं वाटतं का गं?" मी विचारलं.

"तळ कुठं हाय तेच म्हाईत न्हाई आता," ती म्हणाली. "आधी मला झोपंतून उठवून इचारलं तरी सांगता यायचं, आज कुणाच्या रानात हावोत ते."

फॉर्मवर याला रकाना नव्हता. मी पेन बंद केलं.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली. काजलनं व्हिडिओ बंद केला. मला वाटलं ती उठेल. ती उठली नाही, फक्त मोबाईल उताणा करून मांडीवर ठेवला.

अंगणाच्या पार टोकाला, घरापासून तीसेक पावलांवर, लिंबाचं झाड आहे. बापूरावनं गाडी त्याच्याही पलीकडं लावली. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आलेला माणूस. झाडाखाली घराकडं तोंड करून बसला. खिशातून फोन काढला. आणि आत काजलच्या मांडीवरचा फोन वाजला.

तिनं स्पीकर लावला. बापाचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, एकदा झाडाखालून आणि एकदा फोनमधून.

"जेवलीस का?"

"हो, नाना."

"काय खाल्लं?"

"भाकर."

"आन?"

"आमटी."

फोन चालू होता. तो तिकडून दाराकडं बघत होता, ती इकडून भिंतीकडं.

मी मंगलला हळूच विचारलं, "बापूराव आत का येत नाहीत?"

मी थट्टा करतेय की काय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमीच सांगितलं हाय की, बाई. मेंढरं आन मेंढरातली माणसं, दोन्ही पोरीपासून लांब ठेवा म्हणून."

आता मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट कबूल करायला हवी. मी पथ्य नेहमी दुप्पट सांगते. बाळंतिणीला दहा दिवस विश्रांती हवी असेल तर मी वीस सांगते, मग ती आठ-दहा दिवस तरी घेते. बीपीवाल्याला 'मीठ कमी' असं म्हटलं तर तो वरून घेतोच, म्हणून 'मीठ बंद' म्हणायचं. लोक निम्मं पाळतात, मी दुप्पट सांगते, गणित जमतं. नव्या पोरींना ट्रेनिंगमध्ये मी हे मोठ्या फुशारकीनं शिकवलेलं आहे.

पहिल्या किमोनंतर दवाखान्यानं दिलेला इंग्रजी कागद घेऊन मंगल माझ्याकडं आली होती. त्यावर लिहिलं होतं, जनावरांशी संपर्क टाळा. मला वाटलं, धनगराचं घर, आज लांब ठेवतील आणि उद्या कोकरू आणून पोरीच्या मांडीवर देतील. म्हणून मी माझ्या पदरचं जोडलं, मेंढरातली माणसंही लांब ठेवा. हात-पाय धुऊन, कपडे बदलून यायचं, एवढंच खरं हवं होतं. मी म्हटलं, लांब.

आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला पूर्ण पाळणारं घर भेटलं.

जून ते मार्च, नऊ महिने. दवाखान्यात मामा का जायचा आणि बाप का नाही, ते मला आत्ता उलगडलं. मंगल आणखी एक गोष्ट बोलली. संक्रांतीला काजल तिळगूळ घेऊन झाडाकडं निघाली होती. ती एक पाऊल पुढं आली की बापूराव एक पाऊल मागं सरला. असं करत करत तो रस्त्यापर्यंत गेला. मग ती थांबली, तिळगूळ दगडावर ठेवला आणि माघारी आली.

माझी वही पिशवीत होती. मी ती काढून पाहिली. संक्रांतीच्या आधीचं वजन एकेचाळीस. तिथून घसरण सुरू. दर पंधरा दिवसांनी तो आकडा मीच माझ्या हातानं लिहीत होते.

मी घरामागं जाऊन डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हल्ली तरी त्यांनी माझं इतकं शांतपणे कधी ऐकलं नव्हतं.

"काउंट नॉर्मल आहेत. बाप बिनधास्त येऊ शकतो. खरं तर किमो चालू असतानाही येऊ शकत होता."

"ते मला माहीत आहे, सर."

"मग पथ्य आजपासून संपलं असं सांगून टाका. मागचं कशाला उकरता?"

मला तो सल्ला फार आवडला. खोटं काय सांगू? वर्षभरावर रिटायरमेंट आलेली, सगळ्या वस्तीत 'आमची सिस्टर' म्हणून नाव. आजपासून संपलं. चार शब्दही नाहीत. मी झाडाकडं चालत गेले. मला येताना बघून बापूराव उठून उभा राहिला.

"बापूराव, चला आत. पथ्य संपलं."

तो जागचा हलला नाही. "कोण म्हणलं?"

"डॉक्टर म्हणाले. आत्ता फोनवर."

त्यानं थोडा विचार केला. तो खुलेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. "ऱ्हाऊ द्या की बाई आणखी दोन-चार म्हैने. एवढं काढलं, तेवढं बी काढतो. पोरीचं वजन उतरायलंय म्हणते मंगल. मी गेलो आन काही झालं तर?"

"काही होत नाही."

"नगं. नवरात्रापस्तोर काढू. उगं कावून घाई करायची?"

सोपं खोटं तिथंच संपलं. तो स्वतःहून माझ्या दुप्पटीची चौपट करायला निघाला होता. नवरात्राला अजून सहा महिने होते आणि पंधरवड्याला पोरीचं किलोभर जात होतं.

"बापूराव, खाली बसा," मी म्हटलं, आणि मीही त्याच्यासमोर मातीत बसले. "ते पथ्य तुमच्यासाठी नव्हतंच. कागदावर फक्त जनावरं होती. माणसं मी घातली."

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दुप्पट सांगायची माझी सवय, लोक निम्मं पाळतात हा माझा हिशेब, सगळं सांगितलं.

"म्हंजी मी येऊ शकत व्हतो?"

"हात-पाय धुऊन, कपडे बदलून. हो."

"पैल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तो माझ्या अंगावर ओरडला असता तर बरं झालं असतं. मी सरकारी नोकरीत आहे, ओरडून घ्यायची सवय आहे. तो जमिनीकडं बघत राहिला. "पोरीचं डोकं बोडकं झालं तवा मी हितून बघितलं," तो म्हणाला. "हितून नीट दिसत सुदीक नव्हतं. मंगलला फोनवर इचारलं, सगळेच केस गेले का गं."

मी माफी मागितली. दुसरं काय करणार? तो 'असू द्या' म्हणाला नाही, आणि म्हणाला नाही तेच योग्य होतं.

काजल कधी दारात येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. आमच्या दोघांच्या गडबडीत फोन चालूच राहिला होता. तिनं सगळं स्पीकरवर ऐकलं होतं.

"मला म्हाईत व्हतं," ती दारातूनच म्हणाली.

मी वळले. "काय माहीत होतं?"

"दिवाळीच्या डोसला तिथल्या सिस्टरला इचारलं व्हतं मी. त्या म्हणल्या, घरच्या माणसाला कायबी बंदी नसती."

"मग बोलली का नाहीस?" माझा स्वर चढला. चूक माझी आणि रागावले तिच्यावर, आमच्या खात्याची पद्धतच आहे ती.

तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती बापाशी बोलत होती. "म्हणलं, बघू, कवा येतेत. सांगितल्यावर येणं आन आपण होऊन येणं सारखं असतंय का? संक्रांतीला वाटलं, आता न्हाई ऱ्हावणार. तर तुमी माघारी सरले."

बापूरावच्या हातातला फोन अजून कानाजवळच होता. "काजे, मला वाटायचं, मी लांब हाय म्हणून तू बरी व्हायलीस," तो म्हणाला. "माझ्या हातात दुसरं व्हतं काय? औषध डागदरचं, पैका मामाचा, उशा-पायथ्याला तुझी माय. मला एवढंच जमत व्हतं."

मी उठले, कारण कुणीतरी काहीतरी कामाचं करायला हवं होतं, आणि मंगलला बादली आणि साबण आणायला सांगितलं.

हात कसे धुवायचे हे मी शाळाशाळांतून शिकवत आले आहे. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. बापूरावनं कोपरापर्यंत धुतले. मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, झालं. त्यानं पुन्हा साबण लावला. तिसऱ्यांदा लावायला लागला तेव्हा मी त्याच्या हातातून वडी काढून घेतली.

तो आत गेला नाही, उंबऱ्यावर बसला. काजल त्याच्याजवळ बसली, मध्ये वीतभर जागा सोडून. नऊ महिन्यांत ती उंच झाली होती आणि तो वाळला होता, दोघांनाही एकमेकांजवळ कसं बसायचं ते आठवत नव्हतं. मग त्यानं हात उचलून तिच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला. पुन्हा ठेवला. "जावळावानी आलेत," तो म्हणाला. आणि त्याला रडू फुटलं. काजल रडली नाही. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मंगल पातेलं घेऊन चुलीपाशी निघून गेली.

मी तिथून निघायला हवं होतं. पण मला ताट बघायचं होतं. डॉक्टरांना काय सांगणार होते मी? मंगलनं एकाच ताटात दोघांना वाढलं, तळावर जेवायचे तसं. त्या दिवशी काजलनं काही चमत्कार केला नाही. एक भाकरी खाल्ली. पण पूर्ण खाल्ली, आणि तो मेला लाडू अर्धा बापाला देऊन अर्धा स्वतः खाल्ला. मी फॉर्मवर तसं लिहिलं. 'कुणाबरोबर' असा चौथा रकाना पेनानं ओढला. वर पाठवायच्या फॉर्मवर असं काही ओढायचं नसतं, डॉक्टरांनी पाहिलं आणि तरी सही केली.

पुढच्या आठवड्यात वजन तेवढंच राहिलं. त्याच्या पुढच्यात चारशे ग्रॅम वाढलं. डॉक्टरांनी तरीही तिला संभाजीनगरला पाठवलं, कारण माया लागली म्हणून वजन वाढलं असं कुठल्याच रिपोर्टवर लिहिता येत नाही. स्कॅन क्लिअर निघाला. या वेळी बरोबर बाप गेला होता. दवाखाना त्यानं पहिल्यांदाच पाहिला. कोणत्या खुर्चीवर बसून सलाईन घेतलं ते काजलनं त्याला दाखवलं म्हणे, आणि तो थोडा वेळ त्या खुर्चीजवळ उभा राहिला.

जूनमध्ये ती अकरावीला जायला लागली. परवा वजन पंचेचाळीस भरलं.

मी दुप्पट सांगणं सोडलं आहे. आता जेवढं आहे तेवढंच सांगते, आणि ते कोणत्या दिवशी संपतं तेही कागदावर लिहून देते. लोक त्यातलं निम्मंच पाळतात, आणि माझी कामं वाढली आहेत. वाढू देत. निम्मं पाळणाऱ्यांमागं पळता येतं. पूर्ण पाळणाऱ्यांचे गेलेले दिवस मात्र कुठल्याच उपकेंद्रातून परत देता येत नाहीत.

गेल्या महिन्यात गोळ्या द्यायला वस्तीवर गेले होते, तेव्हा बापूराव तळावरून आला. गाडी थेट दारात लावली. हात धुतले, पाय धुतले, आणि उंबऱ्याशी येऊन थांबला. आतून काजल "या, नाना" म्हणाली, तेव्हा त्यानं पाय उचलला. मंगल सांगते, अजून दर वेळी असंच करतो. स्वतःच्या घरात.